बोस्टनची आग आणि शोकाचं समुपदेशन

छातीवर दडपण, घशात काहीतरी अडकल्यासारखं, पण ईसीजी नॉर्मल. विचारल्यावर कळतं, महिन्यापूर्वी घरातलं माणूस गेलंय.

या लक्षणांची नीट नोंद एका दुर्घटनेनंतर झाली. 28 नोव्हेंबर 1942 रोजी अमेरिकेत बोस्टनच्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ नाइट क्लबला आग लागून 492 माणसं गेली. मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी या आगीत आप्त गमावलेले आणि इतर शोकग्रस्त, अशा 101 जणांशी बोलून 1944 मध्ये लेख लिहिला. घसा आवळणं, सारखे उसासे, पोटात खड्डा, आणि ‘मी आणखी काही करायला हवं होतं’ ही टोचणी, सगळं त्यात आहे. आठ-दहा भेटींत, चार ते सहा आठवड्यांत माणूस सावरतो, असं त्यांचं मत होतं. मला ते फार घाईचं वाटतं. पुढे कॉलिन मरे पार्क्स यांनी लंडनमधल्या विधवांना तेरा महिने भेटून पाहिलं. वर्षानंतरही अनेकींचं दुःख ओसरलं नव्हतं.

मग मदत कोण करणार? 1960च्या दशकात, बोस्टनमध्येच, फिलिस सिल्व्हरमन यांनी पती गमावलेल्या स्त्रियांनाच नव्या विधवांच्या घरी पाठवलं. आपल्याकडे तेराव्यानंतर पाहुणे जातात, घर रिकामं होतं. अशी सोबत लागते ती तेव्हाच.

सहा महिन्यांनंतरही रोजचे व्यवहार जमत नसतील तर डॉक्टरांना भेटा. जीव नकोसा वाटत असेल, तर आजच. ‘टेलि-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.