‘कट प्रॅक्टिस’ म्हणजे काय? पेशंटच्या बिलात कमिशन कसं शिरतं?

एका डॉक्टरने पेशंटला दुसऱ्या डॉक्टरकडे, लॅबमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये पाठवायचं आणि त्या बदल्यात कमिशन घ्यायचं, याला ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात. हे कमिशन कोणत्याही पावतीवर दिसत नाही. पण ते जातं पेशंटच्याच खिशातून, कारण देणारा ते बिलात वसूल करतो.

नुकसान फक्त पैशांचं आहे का?

नाही. कमिशन आलं की पेशंटला ‘कुठे चांगले उपचार मिळतील’ यापेक्षा ‘कुठून जास्त पैसे मिळतील’ हे महत्त्वाचं ठरू शकतं. गरज नसलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रियांचं दारही इथूनच उघडतं. कट न देणाऱ्या प्रामाणिक डॉक्टरांकडे पेशंट पाठवलेच जात नाहीत, त्यामुळे तेही अडचणीत येतात. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात डॉक्टरांनीच ही व्यथा मांडली आहे.

नफेखोरी आकड्यांत दिसते का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं की, देशात सरकारी रुग्णालयांतल्या १४.३ टक्के बाळंतपणांत सिझेरियन झालं, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. प्रत्येक सिझेरियन अनावश्यक असतं असा याचा अर्थ नाही. गुंतागुंतीच्या केसेसही खासगीत जातात. पण तिपटीहून जास्त फरक विचार करायला लावतो.

दुसरं उदाहरण हृदयातल्या स्टेंटचं. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये (कर वेगळे) ठरवली. त्याआधी औषधयुक्त स्टेंटसाठी पेशंटला लाखाच्या घरात पैसे मोजावे लागत होते.

कायदा काय म्हणतो?

डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार पेशंट पाठवण्यासाठी कमिशन देणं आणि घेणं, दोन्ही गैरवर्तन आहे. मेडिकल कौन्सिल अशा डॉक्टरवर कारवाई करू शकते. पण ही आचारसंहिता डॉक्टरांना लागू होते, हॉस्पिटल चालवणाऱ्या कंपन्यांना नाही. शिवाय व्यवहार रोखीत असेल, तर पुरावा मिळणं कठीण.

महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार झाला, पण पुढे तो रखडला.

पेशंटच्या हातात काय आहे?

• माहिती मागा: ही तपासणी कशासाठी, तिच्या रिपोर्टमुळे उपचारांत काय बदलणार, शस्त्रक्रियेशिवाय पर्याय आहे का, हे विचारणं हा तुमचा हक्क आहे.

• सेकंड ओपिनियन घ्या: तातडीची नसलेली शस्त्रक्रिया ठरवण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्या. पहिल्याच डॉक्टरने सुचवलेल्या नावाकडे जाण्याचं बंधन नाही. मात्र हार्ट अटॅक, पक्षाघात, अपघात अशा वेळी यात वेळ घालवू नका.

• लॅब आणि मेडिकल तुम्ही निवडा: ठरावीक ठिकाणीच जाण्याची सक्ती करता येत नाही.

• दरपत्रक पाहा: महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर हॉस्पिटलमध्ये लावणं बंधनकारक आहे.

• आणीबाणीत अडवणूक चालत नाही: जीव वाचवण्यासाठी लागणारे उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं.

• धर्मादाय हॉस्पिटलची चौकशी करा: महाराष्ट्रातल्या अशा हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात.

• कागद जपून ठेवा: तपशीलवार बिल आणि केसपेपरची प्रत मागून घ्या. मेडिकल कौन्सिल असो वा ग्राहक आयोग, तक्रार कागदांवरच टिकते.

सगळेच डॉक्टर कट घेतात, असं मुळीच नाही. म्हणूनच संशयापोटी उपचार टाळणं हा उपाय नव्हे. प्रश्न विचारल्यावर न चिडता, नीट समजावून सांगणारा डॉक्टर शोधावा, आणि तो सापडला की धरून ठेवावा.