लांब भिंग आणि भीमाकांठचा माळ

पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगाला घोड आणि भीमा ह्या नद्यांच्या आश्रयानें शिरूर व दौंड हे दोन तालुके वसलेले आहेत. सह्याद्रीचा पाऊस येथवर येतां येतां दमून जातो. कालव्याखालीं ऊंस उभा असला, तरी पाटाचें पाणी जेथें चढत नाहीं तेथें अजून मुरमाड माळ आहे आणि त्यावर कुसळी गवत, बोरी, बाभळी व हिंवर. अशा माळावर दृष्टि लांबवर जाते, परंतु हातीं कांहीं लागत नाहीं. दोनशें पावलांवरचें चिंकारा हरिण माणसाला दिसतें, तेव्हां माणूस त्याला अगोदरच दिसून चुकलेला असतो. ह्या दोनशें पावलांचें काय करावयाचें, हा प्रश्न बंदूकवाल्यास पडला, ज्योतिर्विदास निराळ्या रूपानें पडला, आणि आज खांद्यावर दोन-तीन किलोंचें झूम भिंग वाहणाऱ्या छायाचित्रकारासही तोच पडतो. तिघांचीं उत्तरें निराळीं आहेत, आणि त्यांतच ह्या भिंगाचा इतिहास सांठवलेला आहे.

पहिलें उत्तर बंदुकीचें. पेशवाई बुडून सहा वर्षें झालीं होतीं. १८२४ सालीं मुंबई सरकारनें विल्यम हेन्री साइक्स ह्या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमलें. जमीन, पिकें, माणसें ह्यांची मोजदाद करतां करतां ह्या गृहस्थानें पशुपक्ष्यांचीही यादी केली आणि १८३१-३२ च्या सुमारास ती लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीपुढें मांडली. आपल्या माळावरच्या लांडग्याला शास्त्रांत 'पॅलिपेस', म्हणजे फिकट पायांचा, हें नांव साइक्सनेंच १८३१ सालीं दिलें. पुढील वर्षीं त्यानें तुरा असलेल्या एका तांबूस चंडोलाची नोंद केली व त्यास 'देवा' असें नांव ठेवलें. तें नांव आजतागायत टिकून आहे. मराठी कानाला तें गोड लागतें खरें. पण नांव ठेवावयास नमुना लागे, आणि नमुना म्हणजे मेलेला प्राणी. ह्याबद्दल साइक्सला दोष देणें न्यायाचें होणार नाहीं, कारण त्या काळीं दुसरा उपाय नव्हता. कातड्यावरून चोंचीचें माप निघतें, पिसांचा रंग कळतो. चंडोल गातां गातां आभाळांत कसा चढतो, तें मात्र कातड्यावरून कळत नाहीं.

दुसरें उत्तर सूर्यानें भाग पाडलें, कारण सूर्याला बंदूक लागू पडत नाहीं. पुण्याहून दौंडावरून दिकसाळपर्यंत आगगाडी १८५८ सालीं सुरू झाली आणि पुढें ती सोलापुराकडे गेली. ह्याच मार्गावर, भिगवणच्या पुढें, करमाळें तालुक्यांत जेऊर नांवाचें लहानसें स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ रोजीं झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणांतील विजयदुर्गाकडून ईशान्येस सरकत जेऊरवरून जाणार होती. प्लेगच्या सांथीनें पुणें नुकतेंच होरपळून निघालें होतें; रँडच्या खुनाला उणेंपुरें सात महिने झाले होते. अशा दिवसांत ह्या आडगांवीं परदेशच्या विद्वानांचे तंबू पडले. कॅलिफोर्नियांतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल आले, टोकिओचे तेराओ आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला हेही आपलीं उपकरणें घेऊन आले. भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून पुण्यास जी तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली होती, तिचे हेच चालक. ही वेधशाळा पुढें १९१२ सालीं बंद झाली. पुणेंकरांना आज तिचें नांवही सहसा आठवत नाहीं, ही खेदाची गोष्ट होय.

कॅम्बेल ह्यांनीं आणलेल्या कॅमेऱ्याचें नाभ्यंतर, म्हणजे भिंगापासून दूरच्या वस्तूची प्रतिमा उमटते तेथवरचें अंतर, चाळीस फूट होतें. भिंगाचें तोंड मात्र अवघें पांच इंच. एवढें लांब धूड सूर्यामागें फिरविणें अशक्य, म्हणून भिंग आधीं गणित करून आकाशाच्या त्या ठराविक जागेवर रोखून पक्कें बसविलें होतें, आणि सूर्य सरकेल तशी खालची छायाचित्राची कांचच घड्याळाच्या यंत्रानें सरकविली जाई. ही युक्ति शेबर्ली ह्या ज्योतिर्विदाची. त्यानें ती पूर्वीं १८९३ सालीं चिली देशांतील ग्रहणाच्या वेळीं वापरली होती. चाळीस फुटांच्या भिंगानें सूर्यबिंब कांचेवर सुमारें साडेचार इंच व्यासाचें उमटतें. सहाशें मिलिमीटरचें आजचें झूम भिंग पूर्ण ताणलें, तरी त्यानें तेंच बिंब साडेपांच मिलिमीटरच्या आसपास येईल, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहून मोठें नाहीं. दोन मिनिटांच्या काळोखासाठीं सातासमुद्रांपलीकडून केलेला हा खटाटोप होता. दूरची वस्तु हातानें न शिवतां जवळ आणावयाची, हें काम ह्या टापूंत एवढ्या मोठ्या प्रमाणावर पूर्वीं कधीं झालेलें नव्हतें.

परंतु चाळीस फुटांचा कॅमेरा हरणामागें नेतां येत नाहीं. त्याला आटोपशीर करण्याची किमया जेऊरच्या सात वर्षें आधींच झाली होती. १८९१ सालीं इंग्लंडांत डालमायर आणि जर्मनींत स्टाइनहाइल व मीथे ह्यांनीं वेगवेगळें काम करून जवळजवळ एकच रचना काढली. पुढें किरण गोळा करणारें भिंग, त्याच्या मागें किंचित् अंतरावर किरण पसरविणारें भिंग. मागचें भिंग किरणांचें मिलन लांबवितें. त्यामुळें नळी आंखूड राहूनही प्रतिमा लांब नळीसारखी मोठी उमटते. हेंच टेलिफोटो. प्रत्येक लांब भिंगाला लोक सरसकट हें नांव देतात, तें शास्त्राला धरून नाहीं; जेऊरचें भिंग लांब होतें, टेलिफोटो नव्हतें. ह्या नव्या भिंगांत दोष एकच, पण मोठा होता. प्रतिमा जितकी मोठी, तितका प्रकाश पातळ. त्या काळच्या मंद कांचांवर डोंगर किंवा देऊळ टिपतां येई. पळणारें जनावर नव्हे.

झूमची कथा ह्याहून उशिराची. भिंगाच्या आंतील कांचांचे गट मागेंपुढें सरकवून नाभ्यंतर कमी-अधिक करावयाचें, पण प्रतिमेची स्पष्टता मात्र ढळूं द्यावयाची नाहीं, ही कसरत आहे. त्याचें पेटंट १९०२ सालीं अमेरिकेंत ॲलन नांवाच्या गृहस्थानें घेतलें. १९३२ सालीं सिनेमाच्या कॅमेऱ्यासाठीं 'वॅरो' नांवाचें चाळीस ते एकशेंवीस मिलिमीटरचें भिंग निघालें. स्थिर छायाचित्रणांत ही सोय यावयास १९५९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जर्मनींतून फोइग्टलँडरचें झूमार आलें आणि जपानच्या निकॉननें पंचाऐंशी ते अडीचशें मिलिमीटरचें झूम काढलें. पुष्कळ वर्षें धंदेवाईक लोक झूमला नाकें मुरडीत. स्पष्टता उणी आणि वजन दुणें, असा त्यांचा आक्षेप असे, आणि तो खोटा नव्हता. भिंगाचें गणित संगणकाकडे गेलें आणि आंतील कांच सुधारली, तेव्हां कोठें हा आक्षेप मागें पडला. १९९५ सालीं कॅननच्या एका झूम भिंगांत हाताचा कंप ओळखून आंतील कांच उलट दिशेला हलविणारी योजना आली. सहाशें मिलिमीटरवर हात केसभर हलला, तरी चित्र पुसट होतें. हा उपाय निघाला नसता, तर तिकाटण्यावांचून इतकें लांब भिंग वापरण्याची गोष्ट कोणीं काढली नसती.

शिरूर-दौंड भागांत हीं भिंगें प्रथम रानासाठीं आलीं असें समजणें चुकीचें होईल. तीं लग्नासाठीं आलीं. भरलेल्या मांडवांत अंतरपाट दूर होतो तो क्षण वऱ्हाडाच्या डोक्यांवरून टिपावयाचा, तर फोटोग्राफराला 'सत्तर-दोनशे' हवें. हें भिंग ह्याच नांवानें ओळखलें जातें, आणि कित्येक गांवांत एकाच भिंगावर सबंध लग्नसराई निघते. झूमचा खरा कस मात्र बैलगाड्याच्या घाटांत लागतो. सुप्रीम कोर्टानें २०१४ सालीं ह्या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्यें परवानगी दिली, आणि मे २०२३ मध्यें घटनापीठानें तीवर शिक्कामोर्तब केलें. तेव्हांपासून शिरूरच्या गांवोगांवच्या यात्रांत घाट पुन्हां गजबजले आहेत. घाटाच्या माथ्याशीं, बाजूला सुरक्षित उभ्या राहिलेल्या माणसाकडे बैल दहा-पंधरा सेकंदांत धांवत येतात. एका ठराविक नाभ्यंतराच्या भिंगांत आरंभीं बैल मुंगीएवढे दिसतील आणि शेवटीं नुसतीं शिंगें दिसतील. झूमवाला डाव्या हातानें कडें फिरवीत चौकट बैलांबरोबर आंखूड करीत नेतो. ही हातोटी पुस्तकांत सांपडत नाहीं. ती अंगीं मुरायला दोन-तीन यात्रा जातात.

माळावर गेल्यावर हिशेब निराळा होतो. चिंकाऱ्याची खांद्याशीं उंची सुमारें पासष्ट सेंटिमीटर. तें शंभर मीटरवर उभें असतां सहाशें मिलिमीटरच्या भिंगानें त्याची प्रतिमा चार मिलिमीटरहून किंचित् कमी येते, म्हणजे चौकटीच्या उंचीचा सहावा हिस्सा. तीस मीटरवर आलें तर निम्मी चौकट भरते. साइक्सचा चंडोल चौदा सेंटिमीटरांचा. तो दहा मीटरवर आला तरच मनासारखा येतो. शिवाय भिंगाच्या तोंडाचा प्रश्न आहे. सहाशें मिलिमीटरवर भरपूर प्रकाश हवा असेल तर पुढली कांच पंधरा सेंटिमीटर रुंद लागते. असें भिंग नव्या ट्रॅक्टरच्या किमतींत पडतें. साडेनऊ सेंटिमीटरच्या कांचेवर भागविलें, तर चांगल्या दुभत्या म्हशीच्या किमतींत काम होतें, पण प्रकाश अडीच पटींनीं घटतो आणि तो नेमका पहांटेस लागतो. पहांटेशिवाय गत्यंतर नाहीं. कारण ऊन चढलें कीं मुरमावरची हवा थरथरूं लागते आणि मृगजळ कॅमेऱ्यांतही उतरतें. मग ट्रॅक्टरच्या किमतीचें भिंगही म्हशीच्या किमतीच्या भिंगाइतकेंच आंधळें. मोठीं भिंगें पांढरीं रंगविलेलीं असतात तीं ह्याच उन्हाच्या भीतीनें. आंतील कांच तापून फुगली तर नेम ढळतो. तें नवरदेवाच्या वरातीसारखें मिरविण्यासाठीं नसतें, जरी कांहीं मालक तसें समजतात. त्यांतून जें झूम ताणतांना लांबतें, तें भात्यासारखी हवा आंत ओढतें आणि हवेबरोबर दौंडची धूळही. पावसाळ्यांत तेंच बंद पेटींत ठेवलें तर कांचेवर बुरशी धरते.

एवढें सोसून जें मिळतें, तें चित्र मोलाचें आहे. दौंडच्या हद्दीपासून जवळच, बारामती तालुक्यांतील सुपें येथें १९९७ सालीं मयूरेश्वर अभयारण्य झालें. तें सुमारें पांच चौरस किलोमीटरचें आहे. चिंकारा त्याच्या सीमा पाळीत नाहीं. बाहेरच्या माळाला सरकारी कागदांत पुष्कळदां पडीक म्हणतात, आणि पडीक जमिनीवर कारखाना किंवा भूखंड येण्यास वेळ लागत नाहीं. त्या जागेवर हरिण चरतें, लांडगी पिलें वाढवते, ह्याचा पुरावा चित्रानें होतो. आणि हा पुरावा द्यावयास कोणाचा जीव घ्यावा लागत नाहीं. लांडगा मारण्याबद्दल एके काळीं सरकार इनाम देई. १९७२ च्या कायद्यानें त्याला संरक्षण दिलें. पण ज्या भिंगानें त्याची बाजू मांडली, त्याच भिंगाचे मालक गाडी माळावर घालून त्याचा पाठलाग करतांना दिसतात. बिळाजवळ माणसाची वर्दळ वाढली कीं मादी पिलें तोंडांत धरून दुसरीकडे नेते, आणि नवी जागा जुन्याइतकी सुरक्षित असतेच असें नाहीं. म्हणून जाणते छायाचित्रकार चित्र दाखवितात, गांव सांगत नाहींत. त्यांचें हें मौन योग्यच होय.

भिगवणकडे हीच गोष्ट पाण्यावर घडते. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. भीमेचें पाणी मागें तुंबून शेतें व गांवठाणें बुडालीं, आणि विस्थापितांच्या दुःखावर पसरलेल्या त्या उथळ पाण्यांत रोहित पक्षी उतरूं लागले. हिंवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत मच्छीमारांच्या होड्या आतां माशांबरोबर कॅमेरेवाल्यांनाही वाहतात, आणि त्यावर कित्येक घरांच्या चुली पेटतात. रोहित चरत असतो तेव्हां मान पाण्यांत उलटी घालून चिखल गाळीत असतो. होडी जवळ आली कीं प्रथम एकदोन माना वर होतात, मग सगळ्या; मग थवा चालूं लागतो. त्याला जागच्या जागीं उडतां येत नाहीं, पाण्यावर धांव घ्यावी लागते, आणि त्यांत त्याची पुष्कळ शक्ति खर्च होते. पंख उघडले कीं आंतली गुलाबी छटा दिसते, आणि हौशी मालकाला तेंच चित्र हवें असतें. चरणारे पक्षी ज्यांतून दीडशें मीटरवरून निवांत टिपतां येतात, तें भिंग मांडीवर घेऊन तो होडीवाल्यास आणखी पुढें चल म्हणतो. माना वर झाल्या कीं वल्हें थांबवावयाचें, हें तेथील जुन्या मच्छीमारांना ठाऊक आहे. पैसे देणारा पुढें चल म्हणत असतां थांबणें मात्र प्रत्येकाला जमतेंच असें नाहीं.