महात्मा फुले मंडई, पुणे

शनिवारवाड्यापुढील पटांगणात ऊनपावसात भरणाऱ्या भाजीबाजारास पक्के छप्पर लाभावे, या हेतूने पुणे नगरपालिकेने शुक्रवार पेठेत बांधविलेली व १८८६ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते खुली झालेली अष्टकोनी दगडी वास्तू. मध्यवर्ती मनोऱ्याभोवती फाकलेल्या दालनांत, कोथिंबिरीच्या जुड्या व लिंबांचे ढीग मांडून बसलेल्या विक्रेत्यांपाशी, पेठापेठांतील गिऱ्हाईक जमते. हिच्यावरील खर्चास नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने हिला फुले यांचेच नाव मिळाले, आणि शेतकऱ्याच्या कष्टांचे मोल जाणणाऱ्या त्या पुरुषाचे नाव शेतमालाच्या बाजारास देणे सर्वथा उचितच होय. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गणेशाचा उत्सव येथेच साजरा होतो.