चैत्रातील हळदीकुंकू आणि वाचनालयाचे दार



चैत्र लागला की आपल्या घरात पन्ह्याचा आणि कैरीच्या डाळीचा वास दरवळू लागतो. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत आळीतल्या घरोघरी हळदीकुंकवाची बोलावणी फिरतात. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी, हाताला अत्तर, अंगणात चैत्रांगण. पूर्वीच्या बायकांना घराबाहेर पडून चारचौघींत बसण्याचा हा वर्षातला हक्काचा योग होता.

पण ह्या आनंदाला एक उंबरठा होता. माझ्या लहानपणी आमच्या घरच्या हळदीकुंकवाची डाळ माझी आत्या वाटीत असे. तिच्या हातची डाळ सर्वांना आवडे. मात्र बायका येऊ लागल्या की ती माजघराच्या दारामागे जाऊन बसे. ती विधवा होती. तिला कोणी ‘जा’ म्हणत नसे, कारण तसे म्हणण्याची वेळच ती येऊ देत नसे. मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा प्रथम तीच आठवली.

वसंत ऋतूचा आणखी एक सोहळा पुण्यात रुजला, तो ज्ञानाचा. १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. उन्हाळ्यात शाळांना सुटी असते. अशा दिवसांत सायंकाळी लोकांनी एकत्र बसून इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान, समाज ह्या विषयांवर विचार ऐकावेत, ही कल्पना. दीडशे वर्षे झाली, तरी ही परंपरा चालू आहे. पुढे गावोगाव अशा व्याख्यानमाला निघाल्या, त्यांचे मूळ येथे आहे.

ग्रंथालये तर त्याहून जुनी. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ सालची; तिच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. आणि गंमत पाहा, १८४८ ह्याच वर्षी ह्याच पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी मुलींची शाळा उघडली. एकाच शहरात एकाच वर्षी ही दोन दारे उघडली. पण शाळेच्या दारातून निघून वाचनालयाच्या दारात स्वतःच्या नावाने उभे राहण्यास बाईला पुष्कळ वर्षे लागली. कित्येक घरांत पुस्तक येई ते पुरुषाच्या नावावर, आणि बाई ते वाची निजानीज झाल्यावर.

खुद्द रानड्यांच्या घरची गोष्ट निराळी नव्हती. १८७३ साली अकरा वर्षांच्या रमाबाई लग्न होऊन त्या घरात आल्या. पतीने शिकवण्यास आरंभ केला, तो घरच्या वडीलधाऱ्या बायकांना मुळीच रुचला नाही. पतीची आज्ञा मोडवेना आणि सासरची बोलणी चुकेनात, अशा कात्रीत त्या शिकल्या. १९०१ साली त्यांना वैधव्य आले. कुंकवाबरोबर आयुष्य संपले असे मानणाऱ्या त्या काळी त्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभारले आणि १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. माजघराच्या दारामागे बसविलेली बाई अशी सगळ्या महाराष्ट्राच्या ओसरीवर येऊन बोलू लागली.

म्हणून ह्या वसंतात वाचनासाठी मी पहिले नाव सुचविते ते ह्याच पुस्तकाचे. दुसरे लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. औपचारिक शिक्षण जवळजवळ नसलेल्या ह्या बाईने वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापासून स्वतःच्या धर्मांतरापर्यंत सारे इतक्या मोकळ्या घरगुती मराठीत सांगितले आहे, की हसता हसता डोळे केव्हा भरून येतात ते कळत नाही. तिसरे आनंदीबाई कर्वे, म्हणजे आपल्या बाया कर्वे, ह्यांचे ‘माझे पुराण’ (१९४४). बालपणीच विधवा झालेल्या बाया पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ साली धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी पुनर्विवाहित झाल्या. त्यापायी त्या दोघांना मुरूडच्या गावकऱ्यांचा बहिष्कार सोसावा लागला. हे पुस्तक लहान आहे. दोन दुपारींत वाचून होईल, पण मनातून लवकर जाणार नाही.

आता पुस्तके मिळत नाहीत ही सबब उरलेली नाही. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि शासनमान्य ग्रंथालयांना अनुदानाचा आधार मिळाला. अल्पशा वर्गणीत आपल्यापैकी प्रत्येकीला स्वतःच्या नावाने पुस्तक आणता येते. घरातल्या फोनवर हवे ते वाचता येते हे खरे. परंतु चौघींनी एक पुस्तक वाचून त्यावर भांडण्याची मजा त्यात नाही.

वाचनालयाच्या दारात कपाळाकडे कोणी पाहत नाही. तेथे सवाष्ण नाही, विधवा नाही, परित्यक्ता नाही, अविवाहिता नाही. तेथे फक्त वाचक आहे. आपल्या मंडळाच्या चैत्रगौरीलाही हेच दार असावे, अशी माझी विनंती आहे. बोलावणे आळीतल्या प्रत्येकीला जावे. जिला कुंकू लावून घ्यायचे ती लावून घेईल, नको ती नाही म्हणेल. पन्हे आणि डाळ मात्र सगळ्यांना एकाच सतरंजीवर मिळावी. वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्यांऐवजी एकेक पुस्तक महिनाभर वाचायला द्यावे, आणि अक्षय्य तृतीयेनंतर एका संध्याकाळी प्रत्येकीने आपल्या पुस्तकाविषयी पाच मिनिटे बोलावे. ती आपली वसंत व्याख्यानमाला.

माझी आत्या आज नाही. तिला अक्षर ओळखता येत असे, दुपारी ती जुन्या पोथ्या चाळीत बसे. कोणी तिला डाळीच्या वाटीबरोबर एखादे पुस्तक देऊन बाहेर बोलावले असते तर ती काय बोलली असती, हे मला कधीच कळणार नाही. आपल्या आळीत अजून कोणी दारामागे बसलेली असेल, तर तिचे ऐकण्याची वेळ आपल्या हातची गेलेली नाही.