लग्नघरचा मान आणि तुळजापूरची भवानी

लग्नघरीं पहिला मान कोणाचा, या प्रश्नावरून महाराष्ट्रांत आजवर पुष्कळ रुसवेफुगवे झाले आहेत. परंतु रूढीनें त्याचें उत्तर केव्हांच देऊन ठेवलें आहे: पहिली अक्षत देवाची, आणि मग सोयऱ्याधायऱ्यांची.

धाराशिव जिल्ह्यांतील तुळजापूरची भवानी ही असंख्य मराठी घराण्यांची कुलस्वामिनी. २०२३ पर्यंत उस्मानाबाद या नांवानें ओळखला जाणारा हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखालीं होता. तरी इंग्रजी मुलुखांतील कुळांची वाट त्या सरहद्दीनें अडली नाहीं. लग्नाचें आमंत्रण प्रथम देवीस द्यावें, लग्नानंतर जोडप्यानें दर्शनास यावें आणि घरीं गोंधळ घालावा, हा अशा घरांचा कुलाचार होय.

हा गोंधळ फार जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लास’ ग्रंथांत ज्या ‘गोंडली’ नृत्याचें वर्णन आहे, त्यांत अभ्यासक गोंधळाचें मूळ पाहतात. गोंधळ्यांत भवानीचे ते कदमराई व माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई, अशा दोन शाखा आहेत. धान्याचा चौक भरून त्यावर कलश मांडतात, दिवटी पाजळतात आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीनें गोंधळी देवांना गांवांच्या नांवांनिशीं पाचारण करतो: तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. कोणाचेंही नांव गळूं नये, ही त्यांतली दक्षता. यजमानाचा सारा धर्म या एका गोष्टींत सांठवला आहे.

माणसांच्या मानपानाचा आरंभही असाच सरळ होता. कोसच्या कोस गाडीवाट तुडवून आलेल्या वऱ्हाडाला गांवाच्या शिवेवर सामोरें जावें, पाय धुण्यास पाणी द्यावें, हें सीमांतपूजन. व्याह्यांनीं एकमेकांस भेटावें, विहिणीची पंगत आदरानें वाढावी, हेंही उचितच. परंतु यजमानानें प्रेमानें द्यावयाचें तें पाहुणा हक्कानें मागूं लागला. आहेर मोजला जाऊं लागला, रुसवा हें वरपक्षाचें शस्त्र झालें, आणि मुलीचा बाप सावकाराच्या दारीं गेला.

पुणें व नगर जिल्ह्यांत १८७५ सालीं शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध दंगे केले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानें लग्नखर्च हें कर्जाचें मुख्य मूळ मानलें नाहीं. मात्र आधींच वांकलेल्या पाठीवर तें आणखी एक ओझें होतें, हें नाकारलेंही नाहीं. त्यापूर्वीं दोनच वर्षें, २५ डिसेंबर १८७३ रोजीं, जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजानें पुण्यांत पहिला विवाह लावला. पुरोहित नव्हता, आणि खर्च जवळजवळ पानसुपारीपुरताच. पाहुण्यांचा मान त्यामुळें उणा झाला नाहीं.

पुढें १९६१ च्या कायद्यानें हुंडा देणें व घेणें दोन्हीं गुन्हा ठरलें. परंतु मांडवांत पाहुण्यानें कसें वागावें, हें कोणताही कायदा शिकवूं शकत नाहीं. तें गोंधळ शिकवितो. जिची पहिली अक्षत, ती कुलस्वामिनी आपलें नांव घेऊन बोलावल्यावर येते, अशी श्रद्धा आहे. तिनें यजमानाकडे आहेराची यादी पाठविल्याचें कोणीं ऐकलेलें नाहीं. देवीला जेवढा मान पुरतो, तेवढा विहीणबाईंनाही पुरावा. मांडवांत शिरतांना प्रत्येक पाहुण्यानें एवढें ध्यानीं ठेविलें, तर मुलीच्या बापाला त्या दिवशीं आपल्याच घरीं अपराध्यासारखें उभें राहावें लागणार नाहीं.