फडातला ऊस, कपातली साखर

पांझरेच्या काठाला ऊस नवा नाही. धुळे जिल्ह्यातली फड पद्धत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत विभागलेली आणि एका फडात सगळ्यांचं पीक एकच. बारमाही पाणी पिणाऱ्या उसाला त्यातला एखादाच फड मिळे. बाकीच्या फडांत कमी पाण्याची पिकं. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या पिकं राखायचा. हेतू पाण्याच्या न्याय्य वाटणीचा होता, प्रकृतीचा विचार त्यात नव्हता. तरी या शिस्तीची सावली ताटावर पडत असणार, असं मला वाटतं. ऊस बेताचा, म्हणून गुऱ्हाळाची काहीलही बेताचीच चढायची. गोडाचे दिवस ठरलेले असत: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी आल्या की खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या, पोळ्याला पुन्हा पुरण. एरवी कळण्याची भाकरी आणि ठेचा.

हे बंधन विसाव्या शतकात सुटलं. १९३२ साली देशी साखरधंद्याला जकातीचं संरक्षण मिळालं, पुढे प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा कित्ता गिरवत खानदेशातही धुराडी उभी राहिली: फैजपूरचा मधुकर, भोरसचा बेलगंगा, साक्रीजवळच्या भाडण्याचा पांझरा-कान. मला यातली महत्त्वाची गोष्ट पुढची वाटते. पांझरा-कान वर्षानुवर्षं बंद राहिला, पण साक्रीच्या चहातली साखर त्यामुळे कमी झाली नाही. गोडाचा गावच्या पाण्याशी असलेला संबंधच तुटला होता. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली वरची मर्यादा २००० उष्मांकांच्या आहाराला ५० ग्रॅम आहे आणि २५ च्या आत राहिलं तर अधिक बरं, असंही तिने म्हटलं आहे. त्यावर एक थंड पेय घेतलं की मर्यादा ओलांडलीच.

यावर कुणी म्हणेल, गूळ खा, तो नैसर्गिक आहे. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा मोठा भाग सुक्रोजच असतो आणि शरीर ते साखरेसारखंच पचवतं. मग जळगावच्या केळ्याचं काय? अख्ख्या फळातली साखर तंतूंसकट पोटात जाते. आरोग्य संघटनेची मर्यादा तिला लागू नाही. लठ्ठपणातला तेल आणि बैठं काम यांचा दोष साखरेच्या माथी का मारता, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. २०१३ साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. साखर कमी केलेल्या प्रौढांचं वजन सरासरी ०.८ किलोने घटलं, वाढवलेल्यांचं जवळपास तितकंच वाढलं. पण साखरेच्या जागी तेवढ्याच उष्मांकांचे दुसरे पिष्टमय पदार्थ दिल्यावर फरक दिसला नाही. म्हणजे साखरेत वेगळं विष नाही. पोट भरल्याची जाणीव न देता ती रोज वरची भर घालते, आणि लठ्ठपणातला तिचा वाटा तो हाच. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आढळला. तेल आणि बैठेपणा त्यात आहेतच, पण साखर त्यातून सुटत नाही.

आखाजीच्या पोळीला हात लावायचं कारण नाही, ती वर्षातून एकदाच येते. घरात चहाचं भांडं ज्यांच्या हाती आहे त्यांना विनंती एवढीच, की उद्यापासून दर कपाला एक चमचा साखर कमी घाला.