दगडू आणि नकुशी

माझ्या पणजोबांचं नाव दगडू होतं आणि त्यांच्या चौथ्या मुलीचं नकुशी. पणजोबांना मी पाहिलं नाही. नकुशी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो, त्यामुळे कॉलेजात जाईपर्यंत तिचं नावच मला माहीत नव्हतं. एकदा तिच्या रेशनकार्डावर ‘नकुसा’ असं वाचलं आणि मला ते एखाद्या जुन्या देवीचं नाव वाटलं. आईनं फोड करून सांगितली: नको अशी, ती नकुशी.

एका घरातली ही दोन नावं. दोन्ही कानाला वाईट लागतात. पण दोन्हींचा इतिहास अगदी उलटा आहे.

आधी दगडू. पणजोबांच्या आधीची दोन भावंडं तान्ही असतानाच गेली होती. देवी, पटकी, प्लेग यांनी घरंच्या घरं रिकामी व्हायची, तो काळ. गोजिरवाण्या, लाडक्या मुलाला नजर लागते, मृत्यू त्यालाच आधी उचलतो, अशी समजूत होती. मग मुलाला टाकाऊ वस्तूचं नाव द्यायचं, म्हणजे मृत्यू त्याच्याकडे वळून बघणार नाही. दगडू, धोंडू, केरबा, कचरू, उकिर्डा ही नावं अशी आली. कुठे बाळाला क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत उचलायचे, कुठे नावापुरतं विकून परत घ्यायचे. मागून मिळालेलं मूल म्हणून कुणी भिकू व्हायचा. ही नावं म्हणजे मायेनं घेतलेलं वेषांतर होतं. घरात त्या दगडूच्याच ताटात तुपाची धार जास्त पडायची.

अशा नावानं कुणाचं अडलं नाही. १८५८ साली कोकणात जन्मलेले धोंडो केशव कर्वे हे त्याचं ठळक उदाहरण. धोंडा म्हणजे दगडच. त्यांनी १८९३ मध्ये एका विधवेशी पुनर्विवाह केला, १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ सुरू केलं. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. ‘धोंडो’ ऐकून कुणाला हसू आलंही असेल, पण त्यांच्या वाटेत ते नाव आडवं आलं नाही.

आता नकुशी. तीन मुलींवर चौथी झाली की तिला ‘नको’ म्हणायचं, म्हणजे पुढचा मुलगा होतो, ही त्यामागची समजूत. ही रीत फक्त आपल्याकडची नाही. हरियाणात अशा मुलीला ‘भतेरी’ म्हणतात, राजस्थानात ‘धापू’. दोन्हींचा अर्थ एकच: पुरे झाल्या. इथे वेषांतर नाही. मनात आहे तेच नावात आहे, आणि ते मुलीला दिवसातून पन्नास वेळा ऐकवायचं आहे.

आमच्या घरात मावशीआजीनंतर खरंच मुलगा झाला. ‘नाव लाभलं’ असं सगळे म्हणाले. तो भाऊ मॅट्रिकपर्यंत शिकला. मावशीआजी गुरांमागे गेली.

मग तिचं आयुष्य नावानं ठरलं का? नावानं नशीब ठरतं का, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनीही मोजून पाहिला आहे. अमेरिकेत बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या दोघांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे ५,००० खोटे अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फक्त काही अर्जांवर गोऱ्यांमध्ये चालणारी नावं आणि काहींवर कृष्णवर्णीयांमध्ये चालणारी. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणं आलं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला पंधरा अर्जांमागे. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फ्रायर आणि लेविट यांनी कॅलिफोर्नियातल्या जन्मनोंदी तपासून दुसरी बाजू मांडली. मूल कोणत्या परिस्थितीत जन्मलं हे लक्षात घेतलं, तर पुढच्या आयुष्यावर नावाचा वेगळा असा परिणाम त्यांना दिसला नाही.

मला वाटतं, मावशीआजीच्या गोष्टीत दोन्ही खरं आहे. नाव ऐकून लोक तुम्हाला तोलतात. पण बहुतेक वेळा नाव हे कारण नसतं, ती नोंद असते. या मुलासाठी आपण किती करणार आहोत, हे घरानं आधीच ठरवलेलं असतं. नाव ते फक्त लिहून ठेवतं.

म्हणूनच साताऱ्याचा कार्यक्रम मला महत्त्वाचाही वाटतो आणि अपुराही. २२ ऑक्टोबर २०११ रोजी तिथे २८५ ‘नकुसां’ना नवी नावं देण्यात आली. जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेनं या मुली शोधून काढल्या होत्या. नव्या नावाचं प्रमाणपत्र प्रत्येकीच्या हातात पडलं. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव याच जिल्ह्यातलं. त्याच वर्षीच्या जनगणनेच्या पहिल्या आकड्यांत देशात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे ९१४ मुली होत्या. त्याआधीच्या, २००१ च्या जनगणनेत त्या ९२७ होत्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ पासून होता, तरी सोनोग्राफीच्या मशिननं काम सोपं केलं होतं. नकुशीला निदान नाव तरी मिळालं. या न जन्मलेल्या मुलींना ‘नको’ म्हणायलाही कुणाला तोंड उघडावं लागलं नाही.

कार्यक्रमाची बातमी मीच मावशीआजीला वाचून दाखवली होती. ती शेंगा फोडत बसली होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, “मग आता त्यांना शाळेत सोडाय कोण जातंय?”

मला उत्तर देता आलं नाही. विषय बदलायला मी म्हटलं, “आजी, तुला बदलून मिळालं असतं तर कुठलं नाव घेतलं असतंस?”

मला वाटलं, लक्ष्मी म्हणेल, सरस्वती म्हणेल. तिनं टरफलं पदरातून झटकली.

“बापाचंच चाललं असतं की,” ती म्हणाली. “दगडू.”